पावसात भिजलेलं सॅडल कडक झालं, पांढरे डाग पडले, आता काय करायचं?

तुम्ही विचारलंय की पानशेतच्या बाजूला राइडला गेला होतात, दोन तास पाऊस नुसता झोडपत होता, सॅडल (खोगीर), ब्रायडल (घोड्याच्या तोंडावरचा पट्ट्यांचा साज) सगळं चिंब झालं, दुसऱ्या दिवशी नेमकं कडक ऊन पडलं म्हणून गच्चीवर वाळत टाकलं, आणि आता आठवड्याने रिकिबीचे (पाय ठेवायच्या कड्यांचे) पट्टे वातड झालेत, फ्लॅपवर (सॅडलच्या बाजूला लोंबणाऱ्या चामड्यावर) पांढरट डाग आलेत, आणि ओळखीतल्या एकाने सल्ला दिलाय की खोबरेल तेल मस्त चोपडून टाक, सगळं पूर्वीसारखं होईल. तर आधी ते तेल बाजूला ठेवा. सॅडल बहुतेक वाचेल, ब्रायडलही वाचेल. रिकिबीचे पट्टे आणि तंग (पोटाखालून सॅडल आवळणारा पट्टा) ज्यांना लावतात ते पट्टे मात्र मी खाली सांगतोय तसे तपासल्याशिवाय घोड्यावर चढवू नका, कारण तिथे प्रश्न पैशाचा नाही, तुमच्या मानेचा आहे.

मी पुण्याजवळ एका रायडिंग स्कूलची टॅक रूम, म्हणजे घोड्यांचं सामान ठेवायची खोली, सांभाळतो, शिलाई-दुरुस्तीही तिथेच बसून करतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर रोज काही ना काही भिजूनच येतं. पुण्यात रेसिंगचा सीझनच पावसाळ्यात असतो, जुलै ते ऑक्टोबर, त्यामुळे पहाटेच्या ट्रॅकवर्कला (ट्रॅकवरच्या सरावाला) भिजलेलं सामान दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा घोड्यावर चढवायचं ही इथल्या घोडे सांभाळणाऱ्या सईस लोकांची नेहमीचीच गोष्ट. आणि तरीही नीट सांभाळलेली सॅडल्स वीस-पंचवीस वर्षं चालतात. म्हणजे पाणी लागलं की चामडं संपलं असं काही नसतं, ते मरतं पाणी बाहेर कसं काढलं त्यावर, आणि घाई केली की हमखास मरतं.

आता असं का होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही. चामडं म्हणजे कोलॅजनच्या धाग्यांचं जाळं. कातडं कमावताना, म्हणजे बाभळीची साल, हिरडा, वॉटल वगैरेच्या टॅनिनमध्ये मुरवताना, हे धागे कुजू नयेत अशी व्यवस्था होते आणि मग त्यात तेल-चरबी मुरवतात, जिच्यामुळे धागे एकमेकांवरून सरकतात आणि पट्टा वाकतो. पाणी आत शिरलं की धागे फुगतात, आणि पाणी बाहेर पडताना आतलं थोडं तेलही जागचं हलतं, वर येतं. हळूहळू वाळलं तर धागे आपापल्या जागी बसतात, भसकन वाळलं तर ते एकमेकांना चिकटूनच बसतात, मध्ये तेल नसतंच. तुमचे पट्टे वातड झालेत ते यामुळे.

त्यात उष्णतेची भर पडली तर काम आणखी बिघडतं. सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला कायमचं आक्रसतं, आणि जुनं, वर्षानुवर्षं घाम प्यायलेलं असेल तर त्याहून कमी तापमानालाही. वाळलेलं चामडं बरंच जास्त सहन करतं पण ओलं नाही. हेअर ड्रायर जवळ धरला, चुलीशेजारी टांगलं, बाइकच्या गरम सायलेन्सरवर टेकवलं (हो, हेही करतात लोक) की तेवढं तापमान सहज गाठलं जातं. भर उन्हात काळं सॅडल हात ठेवता येणार नाही इतकं तापतं ते तुम्ही बघितलंच असेल. असं आक्रसलेलं चामडं कुठल्याही तेलाने परत येत नाही, हे मी स्पष्ट सांगतो कारण बाजारात "कडक चामडं पुन्हा नवं" अशा जाहिराती करून बरंच काही विकलं जातं. तुमचं एका दिवसाचं ऊन होतं त्यामुळे मला वाटतं प्रकरण तेल हलण्यापर्यंतच गेलंय, आक्रसण्यापर्यंत नाही. पट्ट्याची लांबी मोजून बघा, दोन्ही पट्टे शेजारी ठेवून, कडा वेड्यावाकड्या होऊन आत वळल्या असतील आणि पट्टा आखूड झाला असेल तर तो गेला.

आता मूळ पद्धत. राइडवरून आलात, सगळं भिजलंय, तर पहिला घोडा, मग सामान, हा क्रम कधी बदलायचा नाही. घोडा पुसून, पाठ कोरडी करून, त्याला गवत टाकून झालं की सामानाकडे वळायचं, पण त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. सगळं सुटं करायचं. रिकिबीचे पट्टे सॅडलवरून काढायचे, रिकिबी पट्ट्यातून काढायच्या, कारण ओल्या पट्ट्याला लोखंड लटकत राहिलं तर पट्टा ताणून लांब होतो आणि डावा-उजवा कमीजास्त होतो. तंग काढायचा. नमदा (सॅडलखालची जाड घडी) वेगळा धुवायला. ब्रायडलचे सगळे बक्कल सोडायचे, लगाम बिटपासून (घोड्याच्या तोंडातल्या धातूच्या दांडीपासून) सुटा करायचा, कारण बिटला जिथे चामडं दुमडतं तिथेच पाणी, लाळ आणि घाम जमून राहतो आणि तिथूनच लगाम तुटतो.

चिखल असेल तर आधी तो काढायचा, आणि इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही: चामडं ओलंच आहे तर चिखल ओल्या स्पंजाने पुसून टाकणं चांगलं, वाळू देऊन घासणं वाईट. वाळलेल्या चिखलातली बारीक रेती सँडपेपरचं काम करते. साधं पाणी, चांगला पिळलेला स्पंज, बस. घाम बसला असेल तर ग्लिसरीनचा सॅडल सोप वापरा, पण स्पंज ओला करून साबण घासायचा नाही, साबण किंचित ओला करून कोरडसर स्पंजावर घ्यायचा, फेस यायला लागला की समजा पाणी जास्त झालं. भांड्याचं लिक्विड, कपड्याचा साबण, डेटॉल हे काही नको. चामडं स्वभावाने आम्लधर्मी असतं आणि कपड्याचा साबण अल्कलाइन, त्याने टॅनिन आणि तेल दोन्ही निघतं.

समुद्रावर गेला असाल, अलिबाग, काशीद, कुठेही, तर मात्र नियम वेगळा. खारं पाणी लागलेलं चामडं आधी गोड्या पाण्याने व्यवस्थित पुसून, गरज पडली तर ओतून धुवायचं, घाबरायचं नाही. मीठ आत राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं, पट्टा कधी पुरता वाळतच नाही आणि बक्कल गंजतात. पावसाच्या पाण्यापेक्षा मला खारं पाणी आणि जुना घाम यांची जास्त भीती वाटते.

मग टॉवेल. जुने सुती टॉवेल, धोतरं, जे असेल ते, दाबून दाबून पाणी टिपायचं. रगडायचं नाही कारण ओल्या चामड्याचा वरचा थर नाजूक असतो आणि रंगही निघतो. वर्तमानपत्र आत कोंबतात काही जण, चालतं, पण फिकट रंगाच्या चामड्याला शाई लागते, तिथे जुनी चादर बरी.

वाळवायचं सावलीत, हलत्या हवेत. सीलिंग फॅन चालू, खिडक्या पाऊस आत येणार नाही इतक्या उघड्या, बास. ब्रायडल खिळ्याला टांगायचं नाही, हेडपीस जिथे घोड्याच्या कानामागे बसतो तिथे खिळ्याने कायमचा कोन पडतो आणि पुढे तिथेच चीर जाते. गोल काहीतरी पाहिजे, रिकामा पेंटचा डबा भिंतीला ठोकला तरी उत्तम काम होतं. पट्टे सरळ लटकवायचे, घडी घालून किंवा गुंडाळून नाही. सॅडल त्याच्या स्टँडवर, आणि स्टँड बंद पेटीसारखा असेल तर तो नको, खालून हवा लागली पाहिजे. खुर्चीच्या पाठीवर ठेवू नका, पॅनल (सॅडलखालची लोकर भरलेली गादी) एका बाजूने दबतं आणि भिजलेली लोकर त्याच आकारात बसते. भिजलं असताना जो आकार द्याल तोच वाळल्यावर राहतो, हे लक्षात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप सुचतात. नवीन भोकं पाडायची असतील तर तीही पूर्ण वाळल्यावरच.

पट्टे आणि ब्रायडल आपल्या पावसाळ्यात दीड-दोन दिवस घेतात. सॅडलचं वेगळं आहे, वरचा फ्लॅप दोन दिवसांत कोरडा वाटतो आणि लोक फसतात, कारण खालच्या पॅनलमध्ये लोकर भरलेली असते आणि तिच्यातलं पाणी चार-पाच दिवस, हवा फार दमट असेल तर आठवडाही जात नाही. पॅनल गालाला लावून बघा, हाताला कळत नाही पण गालाला गारवा लगेच कळतो. गार लागलं म्हणजे आत ओल आहे. अशा सॅडलवर बसलात तर तुमच्या वजनाखाली ओली लोकर गोळा होते, गाठी होतात, आणि त्या गाठी बरोबर घोड्याच्या पाठीवर टोचतात. मग पाठीला सूज आली, घोडा तंग आवळताना चावायला लागला, की लोक घोड्याला दोष देतात.

तेलाबद्दल. पट्टा पूर्ण सुकायच्या थोडं आधी, म्हणजे हाताला गार लागतो पण टॉवेल दाबला तर टॉवेल ओला होत नाही, अशा वेळी पहिला हात मारायचा. त्या वेळी धागे अजून फुगलेले असतात, पाणी बाहेर जाताना तेल त्याच वाटेने आत जातं. सुकल्यावर लावलं तर बराचसा भाग वरच राहतो, आणि ओलं असताना लावलं तर आत पाणी कोंडतं आणि बुरशी धरते. ही वेळ एकदा हाताला कळली ना की निम्मं काम झालं. नंतर पूर्ण वाळल्यावर, एक दिवस जाऊ देऊन, दुसरा पातळ हात. पातळ म्हणजे किती, तर कापडाचं टोक तेलात बुडवून दुसऱ्या कापडाने पिळून घ्यायचं आणि मग पुसायचं, चामड्याचा रंग जरा गडद व्हावा आणि दहा मिनिटांत परत यावा. मुख्यतः मागच्या, खरखरीत बाजूने, कारण तिथून तेल आत जातं, वरच्या गुळगुळीत बाजूला फिनिश असतं.

कोणतं तेल? नीट्सफूट ऑइल, शुद्ध, हे जगभर याच कामासाठी वापरतात. ते गाईबैलांच्या पायाच्या हाडांपासून काढतात, ज्यांना ते नको असेल त्यांनी लॅनोलिन आणि मधमाशीचं मेण असलेला लेदर बाम घ्यावा, माझ्या मते वर्षभराच्या वापराला तोच जास्त बरा, तेल फक्त भिजून कोरड्या पडलेल्या चामड्यापुरतं. डब्यावर "कंपाउंड" लिहिलं असेल तर त्यात इतर तेलं मिसळलेली असतात, मी घेत नाही.

खोबरेल का नको तर ते साधारण २४ अंशाच्या खाली गोठतं, म्हणजे आपल्या हिवाळ्यात चामड्याच्या आत-बाहेर पांढरं थिजून बसतं, आणि उन्हाळ्यात पाझरून तुमच्या ब्रीचेसवर (घोडेस्वारीच्या पँटवर) येतं. शिवाय खाण्याच्या तेलावर मुंग्या, झुरळं आणि उंदीर येतात. उंदीर तर तेलकट चामडं आवडीने कुरतडतात, एका रात्रीत लगाम खाल्लेला बघितलाय आम्ही. जवसाचं तेल तर अजिबात नको, ते हवेत वाळून कडक थर धरतं, रंगकामात त्याचा उपयोगच त्यासाठी होतो. जुने सईस मोहरीचं तेल लावायचे हे खरंय, त्यांच्याकडे दुसरं काही मिळत नव्हतं, आणि ते रोज सामान हाताळायचे, रोज पुसायचे, त्यामुळे चाललं. महिन्यातून दोनदा घोड्यावर बसणाऱ्याच्या सॅडलवर ते खवट होऊन बसणार.

आणि जास्त तेल हा कमी तेलाइतकाच वाईट प्रकार आहे. पट्टा तेलाने भिजला की धागे इतके सैल होतात की तो रबरासारखा ताणतो, रिकिबीच्या आणि तंगाच्या पट्ट्याला हे अजिबात चालत नाही. सुती किंवा लिननच्या दोऱ्याचे टाके सतत तेलात राहिले तर कुजतात. जिथे पकड हवी तिथे, म्हणजे सीट आणि गुडघ्याजवळचा स्वेडचा (लवदार चामड्याचा) भाग, तिथे तेल लावायचंच नाही, स्वेडला फक्त मऊ ब्रश.

तुमच्या पांढऱ्या डागांवर येतो. हे तीन गोष्टींपैकी काहीतरी असतं आणि तिन्हीचा इलाज वेगळा, म्हणून आधी ओळखा. अंगठा डागावर दाबून वीस-तीस सेकंद जोरात चोळा. डाग विरघळल्यासारखा नाहीसा झाला आणि अंगठा मेणचट लागला तर ती आतली चरबी वर आलीय, निरुपद्रवी आहे, मऊ कापडाने गरम होईपर्यंत चोळायचं, परत आत जाते. चोळून गेला नाही, बारीक खडबडीत कण लागले, आणि ओल्या बोटाने मात्र चटकन गेला तर मीठ, घामाचं, जे वाळताना वर आलं. ते ओल्या स्पंजाने दोन-तीनदा पुसायचं, प्रत्येक वेळी स्पंज स्वच्छ पाण्यात धुऊन, आणि परत सावलीत. आणि डाग केसाळ, गोल गोल, कोंदट वास, पुसला की पुसला जातो पण चार दिवसांत परत येतो, तर बुरशी. तुमच्या वर्णनावरून, आठवडा झालाय, पावसाळा आहे, मला बुरशीचाच जास्त संशय आहे, पण फ्लॅपवर, जिथे तुमच्या पायाची ऊब आणि तेल दोन्ही लागतं, तिथे चरबीही असू शकते, म्हणून अंगठ्याने बघाच.

बुरशी असेल तर सामान घराबाहेर न्या, तोंडाला मास्क लावा, मऊ ब्रशने कोरडंच झटका, टॅक रूमच्या आत झटकलं तर बाकीच्या सगळ्या सामानावर बी पेरल्यासारखं होतं. तो ब्रश वेगळा ठेवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापड त्यात फक्त ओलसर करायचं आणि पुसून घ्यायचं, आधी फ्लॅपच्या खाली न दिसणाऱ्या जागी लावून बघा, रंग निघतोय का. अल्कोहोल नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं चालतं, वास दोन दिवसांत जातो. ब्लीच कधीही नाही. शिलाईच्या ओळीत, बक्कलाच्या मागे, पट्ट्याच्या भोकांत कापूस लावलेल्या काडीने जायचं, बुरशी तिथूनच परत येते. नंतर पंख्याखाली पूर्ण वाळवून मगच बाम. बुरशीवर थेट तेल लावलं तर डाग दिसेनासा होतो आणि माणूस खूश होतो, पण तुम्ही तिला जेवायला वाढलेलं असतं.

आता तपासणी, आणि कृपा करून हा भाग घाईत वाचू नका.

सॅडल उलटं करा, फ्लॅप उचला, घामाचा आतला फ्लॅप उचला, आणि तंगाचे तीन पट्टे जिथे वर शिवलेले असतात तिथपर्यंत बोट घाला. बहुतेक इंग्लिश सॅडलमध्ये पहिला पट्टा एका वेबिंगवर (विणलेल्या जाड पट्टीवर) आणि मागचे दोन दुसऱ्या वेबिंगवर शिवलेले असतात, म्हणूनच तंग नेहमी पहिल्या आणि उरलेल्या दोनपैकी एका पट्ट्याला लावायचा, एक वेबिंग गेलं तर दुसरं धरून ठेवतं. ही वेबिंग झाकलेली असते, तिथे हवा लागत नाही, सॅडल बाहेरून खणखणीत वाळलेलं असलं तरी तिथे ओल राहते, आणि सुती वेबिंग असेल तर कुजते. बोटाला ओलसर, शेवाळल्यासारखं काही लागलं किंवा काळे ठिपके दिसले तर पट्टा हाताने पूर्ण ताकदीने ओढा. करकर आवाज, एखादा टाका जरी सरकला, तरी दुरुस्तीला द्या.

रिकिबीचा पट्टा (वातड असेल तर आधी शेवटी सांगितलाय तसा मऊ करून) बोटाभोवती वाकवा, गुळगुळीत बाजू बाहेर. बारीक सुरकुत्या पडल्या तर ठीक, पण वरचा थर तडकून आतला धागा दिसला तर तो पट्टा निवृत्त. प्रत्येक भोकाजवळ बघा, भोक लांबट झालंय का, एका भोकापासून दुसऱ्याकडे चीर जातेय का. रिकीब जिथे लटकते तिथला दुमडीचा भाग आणि बक्कलाजवळची शिलाई ही दोन ठिकाणं सगळ्यात आधी जातात. टाका नखाने उचलून बघा, उचलला गेला, दोरा पिंजलेला असला तर नवीन शिलाई, मेण लावलेल्या पॉलिएस्टर दोऱ्याने, हाताची, दोन सुयांची. मशीनचा टाका एक तुटला की ओळ उसवते, दोन सुयांचा एक तुटला तरी शेजारचा धरून राहतो. चप्पल-बूट शिवणारे कारागीर हे काम उत्तम करतात, फक्त त्यांना सांगावं लागतं की जुनीच भोकं वापरा, नवीन पाडू नका, भोकांची संख्या वाढली की पट्टा तिथे फाटतो. पट्ट्यातून लालसर भुकटी हाताला लागत असेल तर ते चामडं आतून सडलंय, त्याला इलाज नाही.

लोखंडाचं पण बघा. रिकिबीचा पट्टा ज्या दांड्यावर बसतो त्याला मागे एक खटका असतो, पडल्यावर पट्टा सुटून यावा म्हणून. भिजल्यावर तो गंजून अडकतो. बोटाने उघड-बंद करा, एक थेंब मशीन ऑइल टाका, आणि राइडला तो उघडाच ठेवा, पाय रिकिबीत अडकून फरफटत जाण्यापासून तोच वाचवतो. बक्कलाजवळ चामडं निळसर काळं झालं असेल तर ती बुरशी नव्हे, लोखंड आणि टॅनिन भेटलं की काळा रंग होतो, हिरडा आणि हिराकसाची जुनी काळी शाई याच क्रियेने व्हायची. दिसायला वाईट आहे, पण तिथलं चामडं हळूहळू ठिसूळ होतं म्हणून गंजकं बक्कल बदलून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचं घाला. पितळेभोवती हिरवा मेणचट थर आला तर लाकडी टूथपिकने खरवडून कोरड्या कापडाने पुसा, चामड्यातलं तेल आणि पितळ यांच्यातून तो होतो, पुन्हा पुन्हा येतो, म्हणजे तेल जास्त होतंय.

सॅडलच्या आतला सांगाडा, ट्री म्हणतात तो, लाकडी आणि स्टीलच्या पट्ट्यांचा असेल तर एका भिजण्याने काही होत नाही. पण पाण्यात पूर्ण बुडालं असेल, नदी ओलांडताना घोडा बसला वगैरे, तर सॅडल तपासून घ्या. पुढचा आणि मागचा भाग धरून हलकं दाबलं आणि मध्ये सुरकुती पडून तो दुमडला किंवा आवाज आला तर ट्री गेलीय.

ठेवण्याचं. आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ७० टक्क्यांच्या वरच असते आणि ६५-७० च्या वर गेली की चामड्यावर बुरशी धरायला लागते, म्हणजे पावसाळाभर धोका आहेच, भिजलं नाही तरी. प्लास्टिकच्या पिशवीत, हवाबंद पेटीत ठेवू नका, सुती चादर टाका. भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात भिंतीच ओल्या असतात, चार बोटं अंतर ठेवा. कपाट असेल तर तळाशी जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब लावायची जुनी पद्धत खरोखर चालते, आतली हवा दोन-तीन अंश गरम झाली की आर्द्रता खाली येते, मात्र बल्ब चामड्यापासून आणि कापडापासून हातभर तरी लांब असावा, आणि एलईडी लावून उपयोग नाही, तो तेवढा तापत नाही. बजेट असेल तर डीह्युमिडिफायर, पाचसहा सॅडल असतील तर तो एका पावसाळ्यात वसूल होतो. सिलिका जेलच्या पुड्या छोट्या कपाटात बऱ्या, पण त्या दर थोड्या दिवसांनी गरम करून वाळवाव्या लागतात, नाहीतर नुसत्याच पडून राहतात. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वापरा. आठवड्यातून एकदा हातात घेऊन कोरड्या कापडाने पुसलेल्या सामानावर बुरशी बसायला वेळच मिळत नाही.

ओला नमदा आणि ओला तंग दुसऱ्या घोड्याला लावायचा नाही हे तर सांगायलाच नको, पण बऱ्याच ठिकाणी सर्रास चालतं म्हणून सांगतो. पावसात घोड्याच्या पाठीवर खपल्या येतात, केस झुपक्याने निघतात, तो जिवाणूंचा संसर्ग असतो, गजकर्णाची बुरशी वेगळी, दोन्ही सामानातून एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातात. कडक झालेल्या तंगाने काखेत कातडी सोलली की तिथूनच हे संसर्ग आत घुसतात. म्हणजे चामडं मऊ ठेवणं ही घोड्याचीच काळजी आहे.

तुम्ही दर पावसाळ्यात राइड करणार असाल तर माझं मत विचाराल तर सिंथेटिक सॅडल घ्या, विंटेकसारखं, पाणी ओतलं, पुसलं, झालं, आणि चामड्याचं ऑक्टोबरला बाहेर काढा. माथेरानला बघा, गाड्यांना बंदी, भर पावसातसुद्धा माणसं आणि सामान घोड्यावर, तिथे बरेच जण रेक्झिन आणि नायलॉनवरच भागवतात ते उगाच नाही. फक्त नायलॉनचा हॉल्टर (घोडा बांधायचा तोंडावरचा साज) घोडा कुठे अडकला तर तुटत नाही, म्हणून नायलॉन वापरताना वरचा कानामागचा पट्टा तरी चामड्याचा ठेवा. आणि आहे तेच चामड्याचं सॅडल पावसात वापरायचं असेल तर पावसाळ्याआधी, मेच्या शेवटी, मेणाचा बाम दोन हात लावून ठेवा, वर वॉटरप्रूफ कव्हर टाका, कानपूरचं सामान विकणाऱ्या कोणाकडेही मिळतं.

तुमच्यासाठी आत्ताचा क्रम असा. आज सगळं सुटं करा, अंगठ्याने डाग ओळखा. वातड पट्टे हाताने वाकवून मोकळे करायचा प्रयत्न अजिबात करू नका, कोरडे असताना वाकवले की वरचा थर तडकतो. त्याऐवजी स्पंजाने दोन्ही बाजूंनी पुन्हा हलके ओले करा, हो, पुन्हा ओले, चिंब नाही, आणि सुती टॉवेलात रात्रभर गुंडाळून ठेवा म्हणजे ओल सगळीकडे सारखी जाईल. सकाळी टॉवेल काढा, पंख्याखाली लटकवा, गार पण कोरडे वाटायला लागले की मागच्या बाजूने नीट्सफूटचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी हळूहळू, हाताच्या उबेने, टोकापासून टोकापर्यंत वाकवत जा. फरक पडला तर दोन दिवसांनी आणखी एक पातळ हात, तिसरा नको. मग वर सांगितलेली वाकवून बघायची टेस्ट करा, वरचा थर तडकला किंवा भोकाजवळ शंका आली तर पट्ट्यांची नवी जोडी घ्या, आणि जुनी जोडी कापूनच टाका, म्हणजे कोणी चुकून सॅडलला लावणार नाही.